पुनर्विवाह : होय / नाही

नोव्हेंबर उजाडला की आमच्या शाखेच्या पायरीवर सकाळी साडेआठपासून चपलांची रांग लागते. माणसं समोरच्या टपरीपाशी कोवळ्या उन्हात बसलेली असतात आणि रांगेत त्यांच्या जागी चपला, कापडी पिशव्या, एखादी छत्री. कुणी कुणाची चप्पल मागे सारत नाही. दापोलीची थंडी या दिवसांत अंगात शिरायला लागलेली असते. म्हाताऱ्या बायका कानाला रुमाल बांधून येतात आणि दहाला शटर वर गेलं की ज्याच्या त्याच्या चपलेत पाय घालून आत शिरतात. हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सांगितलं नाही तर पेन्शन थांबते.

1994 साली मी बँकेत क्लार्क म्हणून लागले. मधली एक बदली सोडली तर सगळी नोकरी याच गावात झाली. पेन्शनचं काउंटर 2006 मध्ये माझ्याकडे आलं, ते पुढे सुटलंच नाही. सरकारी पेन्शनरांच्या याद्या कोषागारातून यायच्या, त्यांवर सही नाहीतर अंगठा. पीएफवाल्यांचा छापील नमुना निराळा. 2014 च्या अखेरीस ‘जीवन प्रमाण’ आलं. आधार क्रमांक टाकायचा आणि काचेवर बोट ठेवायचं. पीएफच्या पेन्शनरांना आता हा दाखला वर्षात केव्हाही देता येतो, पण आमच्याकडे लोकांनी नोव्हेंबर सोडलेला नाही. पद्धती बदलत गेल्या. नवऱ्यामागे पेन्शन घेणाऱ्या बाईच्या कागदावरची एक ओळ मात्र कायम राहिली : ‘मी पुनर्विवाह केलेला नाही.’ संगणकावर तीच ओळ प्रश्न होऊन येते. रिमॅरिड? यस, नो.

हा प्रश्न मी कधी तोंडाने विचारला नाही. समोर सत्तरीची बाई, पदराच्या गाठीतून आधार कार्ड सोडवतेय, तिला काय विचारायचं? आणि तिशीतली असली तर विचारणं आणखीच अवघड. मी ‘नो’वर खूण करायची आणि कागद सहीला पुढे सरकवायची. बाई खाली काय लिहिलंय ते वाचत नसे. कितीतरी वर्षं मला वाटायचं की मी हे माणुसकीनं करते आहे.

माझा नवरा एसटीच्या आगारात मेकॅनिक होता. 2012 च्या ऑगस्टात रात्रपाळीवर असताना त्याच्या छातीत दुखायला लागलं. त्याच्या सोबत्यांनी त्याला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तो पंचेचाळीस वर्षांचा, मी बेचाळीसची, मुलगा दहावीत. बाहेर इतका पाऊस होता की घाटातून येणारे नातेवाईक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले.

बँकेत नवरा किंवा बायको गेल्यावर जे पहिलं काम करावं लागतं त्याला आम्ही ‘नाव कमी करणे’ म्हणतो. मृत्यूचा दाखला, अर्ज, पासबुक. मी ते शेकडो लोकांचं केलं होतं. स्वतःच्या खात्यावर स्वतः नोंद करायची नाही असा नियम आहे, म्हणून माझं शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीनं केलं. जोडखात्यातली दोन नावं पडद्यावर होती, तिनं एक बटण दाबलं, एक राहिलं. तिने नवं पासबुक छापून माझ्याकडे दिलं तेव्हा ते कोमट होतं. ते मी ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पुढचं टोकन पुकारलं. एसटीचे कर्मचारी पीएफच्या 1995 च्या पेन्शन योजनेत येतात. त्यामुळे पुढच्या वर्षीपासून मीही त्या रांगेतली झाले. दीड हजाराच्या आतली रक्कम. नोव्हेंबरात मी माझा नमुना भरायची, सहकारीण साक्षीची सही करायची, आणि ती ओळ मीही न वाचता सही करून मोकळी व्हायची.

2015 च्या नोव्हेंबरातली एक मुलगी मला इथे सांगायची आहे. मुलगीच म्हणते, कारण ती तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. नवरा लोट्याच्या एमआयडीसीत कामाला होता, रस्त्यावरच्या अपघातात गेला. दोन मुलं, मोठं पाच वर्षांचं, धाकटं तीनचं. ती काजूच्या कारखान्यात बी फोडायच्या कामाला लागली होती. काजूच्या टरफलाचं तेल कातडी जाळतं. तिची बोटं काळी आणि गुळगुळीत झाली होती, पुढे यंत्र आलं तेव्हा तिचा अंगठा काही केल्या उठत नसे. पण त्या वर्षी कागदच होता. सही झाल्यावर ती उठली नाही. मागचा माणूस खोकला. ती काचेच्या खिडकीशी वाकून म्हणाली, “ताई, लग्न केलं तर हे बंद होतं का?”

माझ्यासमोर नोटांची गड्डी होती. मी म्हणाले, “हो, लग्न केलं की बंद.” नियम तसाच आहे. विधवेची पेन्शन तिच्या मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत, जे आधी घडेल तोपर्यंत. तिनं मान हलवली, पिशवी उचलली आणि गेली. मी गड्डी पुन्हा पहिल्यापासून मोजली. हे मला लख्ख आठवतं, कारण मोजणी चुकली म्हणून माझा जीव कासावीस झाला होता. तिच्यासाठी झाला नव्हता.

गाव लहान असलं की विधवेला एकटेपणाहून जास्त त्रास नजरेचा होतो. एकटं राहण्याची सवय होते. मी रेडिओ लावून स्वयंपाक करायला शिकले, गॅसचं सिलिंडर एकटीनं फिरवायला शिकले. नजरेची सवय होत नाही. केळसकर नाक्यावर मी कुणाच्या मोटारसायकलवरून उतरले, बँकेतून सुटल्यावर कुठल्या बाजूला वळले, अबोली साडी नेसले ती कशासाठी, याचा हिशेब कुणीतरी ठेवत असतं. संक्रांतीला सहकारिणी मला तिळगूळ द्यायच्या, वाण देताना हात जरा अडखळायचा. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

हीच गोष्ट पुरुषाच्या बाबतीत कशी घडते तेही मी काउंटरमागून पाहिलं आहे. बायकोचं नाव कमी करायला आलेल्या माणसाबरोबर आलेला भाऊ नाहीतर मेहुणा तिथेच म्हणायचा, “आता घरात बाई हवी.” वर्ष व्हायच्या आत स्थळं यायची. तीही कशी, तर पंधरा-वीस वर्षांनी लहान, गरीब घरची, कधी पायानं अधू, कधी घटस्फोटित. जिला नकार द्यायची सोय नाही अशी. जोडीदार गेल्यावर बाईनं आठवणींवर जगावं आणि पुरुषाला भाकरी करून घालणारी मिळावी, या व्यवस्थेत प्रेम दोघांच्याही वाट्याला येत नाही. हे मला खरोखर वाईट वाटतं, दोघांसाठीही.

एक गृहस्थ 2017 मध्ये पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आले, बायकोचं नाव कमी करायला. मुरुडच्या बाजूला समुद्रालगत त्यांची पोफळी-माडांची बाग. बायको दोन वर्षं आजारी होती, मुंबईच्या फेऱ्या चालू होत्या. मूलबाळ नाही. मी कागद तपासले, खात्यावर त्यांचं एकट्याचं नाव राहिलं आणि मी नवं पासबुक छापायला घेतलं, तर म्हणाले, “हेच चालवलं तर चालेल का? यात पानं शिल्लक आहेत.” जुन्या पासबुकावर दोघांची नावं होती. नियमानं नवं द्यायचं असतं. मी साहेबांना विचारलं आणि पानं संपेपर्यंत जुन्यावरच छापून दिलं. त्यांनी कारण सांगितलं नाही आणि मला ते विचारावं लागलं नाही. माझ्या घरी माळ्यावर एक पान्यांची पेटी होती, तिच्यातला एकही पाना मला वापरता येत नव्हता आणि ती मी कुणाला दिली नव्हती.

त्यानंतरची तीन वर्षं सांगण्यासारखं काही नाही. ते महिन्यातून दोनदा यायचे, सुपारीचे पैसे भरायचे, मजुरीसाठी काढायचे. मी म्हणायची, “भाऊ, इथे सही राहिली.” ते म्हणायचे, “हो मॅडम.”

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आधीच टाळेबंदी, तोंडाला मुसकी, रांगेत चुन्याची वर्तुळं. त्यात दुपारी तीन-चार तासांत किनाऱ्यावरच्या बागा आडव्या झाल्या. माझ्या घराचे पत्रे उडाले. सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात ओट्याखाली बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी गाव ओळखू येत नव्हतं, सगळीकडे आकाश दिसत होतं. वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही, खेडोपाडी तर कित्येक आठवडे. बँकेत जनरेटर होता पण कनेक्टिव्हिटी नव्हती. ती आल्यावर लोक पैशांसाठी आले, काही चालत आले, रस्त्यांवर झाडं होती.

ते आले पाचव्या दिवशी. पासबुक भिजून त्याचा लगदा झाला होता, पानं एकमेकांना चिकटलेली. मी ते टोचणीनं एकेक पान सोडवून जनरेटरवर चाललेल्या एकुलत्या पंख्यासमोर उघडं ठेवलं. ते समोरच्या बाकावर बसून राहिले. मी विचारलं, “बाग?” म्हणाले, “शंभरातली दहा-बारा उभी असतील. पोफळी मधनं मोडल्या. माड मुळासकट.” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, “तिनं लावलेली जायफळं होती आतल्या अंगाला. ती सावलीतली झाडं, वरची सावलीच गेली.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुसक्यामुळे फक्त डोळेच दिसत होते, त्यामुळे लपवायला काही जागा नव्हती. पहिलं पान वाळलं होतं, दोघांची नावं पुसट झाली होती पण वाचता येत होती. मी पासबुक परत दिलं. त्यांनी ते सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं.

पावसाळा संपल्यावर एकदा मी विचारलं, “पुन्हा लावणार?” म्हणाले, “लावायला घेतल्या. पोफळीची रोपं केलीत.” “धरायला किती वर्षं?” “सहा-सात. माडाला तेवढीच.” ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. मी मनात बेरीज केली. मग माझ्या लक्षात आलं की मी माझंही वय त्यात धरलं होतं.

तरीही मला कळलं ते वेगळ्याच रीतीनं. 2021 च्या उन्हाळ्यात सहकारीण दुपारचा डबा खाताना म्हणाली, “तू त्यांना भाऊ म्हणत नाहीस हल्ली.” आमच्या काउंटरवर साठीच्या आतला प्रत्येक पुरुष भाऊ असतो, साठीच्या पुढचा काका. हे दोन शब्द बँकेच्या शिक्क्यांसारखे आम्ही दिवसभर मारत असतो. मी आठवून पाहिलं. खरंच, कितीतरी महिने मी वाक्यं अशी फिरवून बोलत होते की त्यात हाक येऊच नये. “इथे सही राहिली,” एवढंच. मी त्या दिवशी डबा अर्धा टाकला.

बोलायला जागा नव्हती. दापोलीत दोघांनी बसून चहा प्यावा असं ठिकाण नाही. म्हणजे ठिकाणं पुष्कळ आहेत, आमच्यासाठी नव्हती. शेवटी एका रविवारी मी सासूबाईंना घेऊनच त्यांच्या बागेत गेले, जायफळ हवं म्हणून. बाग म्हणजे मोकळं मैदान झालं होतं, त्यात हिरव्या शेडनेटखाली रोपांच्या ओळी. सासूबाई ओटीवर बसल्या. आम्ही दोघं रोपांच्या मधून चालत गेलो आणि चालता चालता जे बोलायचं ते बोललो. त्यांनी मला एक गोष्ट विचारली : “तुमच्याकडे त्यांचा फोटो कुठल्या भिंतीला आहे?” मी सांगितलं, हॉलमध्ये, दारासमोर. म्हणाले, “तो तिथेच राहू दे. मी आलो तर समोरच्या खुर्चीत बसेन.” मला या माणसाबरोबर राहायचं आहे हे मी त्या क्षणी ठरवलं. नवऱ्यावरचं माझं प्रेम संपलं नव्हतं, आजही संपलेलं नाही. यांच्याशी बोलताना मला ते झाकून ठेवावं लागत नव्हतं, आणि असं माणूस मला नऊ वर्षांत दुसरं भेटलं नव्हतं.

परतताना त्यांनी आम्हाला मुरुडमधून आणलं. हे महर्षी कर्व्यांचं गाव. त्यांचा पुतळा आहे तिथे. धोंडो केशव कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई 1891 मध्ये गेली. 11 मार्च 1893 ला त्यांनी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं. त्या बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या, पुढे आनंदीबाई, बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. कायद्यानं विधवाविवाहाला 1856 सालीच मान्यता मिळाली होती. तरीही याच गावानं कर्व्यांना वाळीत टाकलं. 1958 साली भारतरत्न मिळालेल्या माणसाला एकदा स्वतःच्या घराची पायरी परकी झाली होती. मी शाळेपासून हे ऐकत आले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दिवशी पुतळ्यासमोर उभी असताना मला कर्व्यांपेक्षा बायांचं वाटलं. सासरच्या गावात पहिल्यांदा उतरताना त्यांनी मान वर ठेवली असेल की खाली?

सासूबाई गाडीत गप्प होत्या. घरी आल्यावर रात्री म्हणाल्या, “आमच्यात पूर्वी पाट लावायचे. माझ्या मावशीचा लागला होता.” त्यांना आठवत होतं ते असं : रात्रीची वेळ, वाजंत्री नाही, चार माणसं, आणि सकाळी सवाष्णींनी तिचं तोंड बघायचं नाही. पेशवाईत पाटावर, म्हणजे विधवेच्या अशा दुसऱ्या लग्नावर, सरकार पाटदाम नावाची पट्टी घ्यायचं. पण लागायचा. बाई पुन्हा संसाराला लागायची, मुलं व्हायची, शेत कसायची. मग घरात शिकलेली माणसं झाली, मुंबईच्या नोकऱ्या आल्या, आणि पाट लावणं कमीपणाचं ठरलं. “सुधारलो आणि बंद झालं,” सासूबाई म्हणाल्या. मला हे आजवर कुठल्या भाषणात ऐकायला मिळालं नव्हतं.

त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मला वाटलं, झालं. पाचव्या दिवशी भाजी निवडताना विचारलं, “रेशनकार्डावर माझं नाव तुझ्याबरोबरच राहील ना गो?” मी त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली आणि त्यांचा हात धरला. एकुलता मुलगा गेल्यावर सून हीच त्यांची मिळकत होती. एवढे दिवस त्या हा एकच प्रश्न मनात घोळवत बसल्या होत्या. मी त्यांना सोडून जाणार नव्हतेच. आम्ही ठरवलं ते असं : दापोलीचं घर माझं आणि सासूबाईंचं, ते आठवड्याचे चार दिवस इथे, तीन दिवस बागेत, शनिवार-रविवार आम्ही दोघी तिकडे. पुण्या-मुंबईत कुणाला हे विचित्र वाटेल. आम्हाला सोयीचं पडलं.

मुलाचं इतकं सरळ झालं नाही. तो पुण्याला नोकरीला, त्याच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. फोनवर म्हणाला, “मुलीकडचे विचारतील तेव्हा मी काय सांगू?” मी म्हणाले, “आईनं लग्न केलं, असं सांग.” तो बराच वेळ बोलला नाही, मग फोन ठेवला. फेब्रुवारी 2022 मध्ये ग्रामपंचायतीत ग्रामसेवकासमोर आमच्या लग्नाची नोंदणी झाली. नमुन्यात लग्नाच्या वेळची स्थिती लिहायची असते. एकानं विधुर लिहिलं, एकीनं विधवा, तीन साक्षीदारांनी सह्या केल्या, त्यांतली एक सासूबाईंची. मुलगा आला नाही. गणपतीला आला. त्यांना नमस्कार केला, नाव घेऊन हाक मारली नाही. अजूनही तो कुठल्याच नावानं हाक मारत नाही. मी त्याला घाई करत नाही.

लग्नाआधी महिनाभर मी पीएफ कार्यालयाला पत्र लिहायला बसले होते, की अमुक तारखेपासून माझी पेन्शन बंद करावी. बँकेत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कागद पक्का करून द्यायची सवय असते, म्हणून मी योजनेतलं ते कलम पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत वाचलं. विधवेला पेन्शन, आणि दोन मुलांपर्यंत प्रत्येकी तिच्या पेन्शनच्या पंचवीस टक्के, मूल पंचवीस वर्षांचं होईपर्यंत. हे मला ठाऊक होतं. खाली लिहिलं होतं की विधवा वारली किंवा तिनं पुनर्विवाह केला तर मुलांना त्याऐवजी अनाथ पेन्शन, प्रत्येकी पंचाहत्तर टक्के. माझा मुलगा दोन महिन्यांत पंचविशीचा होणार होता, आमच्यापुरता तो मुद्दा संपल्यातच जमा होता. मी पान उलटणार, तेवढ्यात मला काजूची काळी बोटं आठवली.

मी कागदावर मांडलं. सप्टेंबर 2014 पासून किमान पेन्शन विधवेला 1000, मुलाला 250, अनाथ मुलाला 750. तिला किमानच मिळत होतं. लग्न न करता : 1000 अधिक 250 अधिक 250. दीड हजार. लग्न केल्यावर : 750 अधिक 750. दीड हजार. मुलं पंचवीस वर्षांची होईपर्यंत, म्हणजे पुढची वीसेक वर्षं, त्या घरात येणारा एक रुपयाही कमी झाला नसता. मी तिला सांगितलं होतं, बंद.

ती रात्र मला झोप लागली नाही. शनिवारी मी तिच्या वाडीत गेले. पत्ता विचारत, एसटीनं आणि मग पायी. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती, मला पाहून घाबरलीच. बँकेतलं माणूस घरी आलं म्हणजे काहीतरी बिनसलं, असं तिला वाटलं. मी पायरीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं, कागदासकट. सातशे पन्नास अधिक सातशे पन्नास. माझं चुकलं, म्हणाले. तो माणूस कोण होता, काय झालं, हे मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की त्याचं लग्न झालं, चिपळूणला असतो.

तिनं कागद बघितला, घडी घातली. मग म्हणाली, “ताई, मी पैशांचं विचारलं नव्हतं.”

मला समजेना.

“म्हणजे विचारलं पैशांचंच. पण आपलं बघत होते, तुम्ही काय म्हणता. तुमचाही नवरा गेलेला, शिकलेल्या, नोकरीवाल्या. तुम्ही वर बघितलं असतं ना, तर मी पुढचं बोलले असते.”

मिरच्यांचा खाट नाकात जात होता. मी काय बोलणार? ती आत गेली आणि माझ्यासाठी चहा करून घेऊन आली. मी माझ्या लग्नाचं तिला सांगितलं तेव्हा ती इतकं मोकळं हसली की मला रडू कोसळलं. म्हणाली, “बागवाले का? चांगला माणूस आहे. सुपारी मोजताना हात आखडता घेत नाही.”

त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र काढायचं नाही. पाठोपाठ सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं परिपत्रक काढलं. काउंटरवर बायका त्याबद्दल बोलायच्या, काही हळू, काही मुद्दाम मोठ्यानं. मला आनंद झाला, खूप झाला. पण बांगड्या शाबूत राहिल्या तरी त्या बाईला पुढचं वाक्य बोलायला कुणीतरी वर बघावं लागतं. काउंटरच्या मागे बसलेल्या माणसाला गाव म्हणतात, हे मला माझ्या नोकरीच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

आता मी ती ओळ वाचून दाखवते. प्रत्येकीला. हळू आवाजात, पण सगळी. कुणी हसतं, कुणी ‘इश्श’ म्हणतं, एक आजी रागावून साहेबांकडे गेल्या होत्या. कुणी खिडकीशी वाकून विचारलं तर काउंटर दहा मिनिटं बंद करते, तिला आत खुर्ची देते आणि मुलं किती, वयं काय, ते विचारून हिशेब तिच्या हातात लिहून देते. मागच्या रांगेला थांबावं लागतं. थांबतात.

2022 च्या नोव्हेंबरात माझा स्वतःचा नमुना भरायचा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ती मुलगी आली ती तिसऱ्या आठवड्यात, कारखान्यातून अर्धी सुट्टी काढून. मोठा मुलगा बरोबर होता, सातवीत गेलेला, उंच. मी तिच्या अंगठ्याला जरा खोबरेल लावलं, ओल्या रुमालानं पुसलं, काचेवर ठेवायला सांगितला. लाल दिवा. पुन्हा पुसला. लाल दिवा. मधल्या वेळात मी पडद्यावरची ओळ वाचली, “पुन्हा लग्न केलंयस का?”

तिनं मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“यंदा नाही,” ती म्हणाली.

मी ‘नो’वर खूण केली. तिसऱ्या खेपेला अंगठा उठला.